रविवारचे मटण, सोमवारचा ‘पाय’

‘शेफर्ड्स पाय’ हे नाव कानावर पडले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते माझ्या सासूबाईंना विचारावे. फोनवर बोलता बोलता मी सहज म्हटले, “आज शेफर्ड्स पाय केलाय.” पलीकडे क्षणभर सामसूम. मग प्रश्न आला, “शेफर्ड म्हणजे धनगरच ना गं? मग त्याचा पाय?” इथला ‘पाय’ म्हणजे मैद्याच्या पारीत किंवा कशाच्या तरी झाकणाखाली सारण घालून भट्टीत भाजलेला पदार्थ, हे मी त्यांना हसत हसत समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पण तेव्हापासून आमच्या घरात त्याचे नाव ‘धनगराचा पाय’ पडले ते पडलेच.

आम्ही राहतो ते इंग्लंडच्या साधारण मध्यावर, डर्बीशायरमधल्या एका लहान गावात. गावाबाहेर पडले की टेकड्या, टेकड्यांवर चुनामाती न वापरता नुसते दगडावर दगड रचून घातलेले गडगे (अगदी आपल्या कोकणातल्यासारखे), आणि गडग्यांच्या आत मेंढ्याच मेंढ्या. काळ्यापांढऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाची ‘डर्बीशायर ग्रिटस्टोन’ ही मेंढीची एक जुनी जात इथलीच. अशा मुलखात मेंढपाळाच्या नावाचा पदार्थ मेंढीच्या मांसाचाच असणार, असे कुणीही धरून चालेल.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खोलगट भांड्यात खाली शिजवलेल्या खिम्याचा थर, वर लोणी-दूध घालून मऊ कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि भट्टीत भाजून वरून खरपूस तांबूस रंग. आपण पॅटिस करताना बटाट्याच्या पारीत सारण भरतो. इथे बटाटा नुसताच वर पसरायचा. गोव्याकडच्या मैत्रिणींना त्यांच्या ‘बटाटा चॉप’ची आठवण येईल, कारण तिथेही खिमा आणि बटाटा हीच जोडी. गंमत म्हणजे बटाटा ना यांचा, ना आपला. तो आला दक्षिण अमेरिकेतून, आणि त्याचे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले.

आता या पदार्थाला नावे दोन आहेत. ‘शेफर्ड्स पाय’ आणि ‘कॉटेज पाय’. दिसायला दोन्ही सारखे. कुणाही इंग्रज माणसाला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल, की मेंढीचे मांस असेल तर शेफर्ड्स, आणि गाईचे असेल तर कॉटेज. आमच्यासारख्या घराला हा नियम म्हणजे मोठीच सोय. आमच्याकडे मटण, कोंबडी, मासे सगळे चालते; गोमांस तेवढे घरात येत नाही. मुलीला शाळेत घातले तेव्हा मी तिला एवढेच शिकवून ठेवले होते, की ‘शेफर्ड’ लिहिलेले असेल तर खुशाल घे, ‘कॉटेज’ असेल तर भाजीचे ताट माग.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळेच्या जेवणाच्या तक्त्यात दर दुसऱ्या बुधवारी शेफर्ड्स पाय असे. एक दिवस तिला आणायला गेले असता स्वयंपाकघरातल्या बाई दारात भेटल्या. चांगल्या हसऱ्या बाई, मुलांना प्रेमाने वाढणाऱ्या. मी म्हटले, “माझ्या मुलीला तुमचा शेफर्ड्स पाय फार आवडतो. लॅम्ब कुठून आणता?” तर त्या म्हणाल्या, “लॅम्ब? छे गं, लॅम्ब परवडतंय कुठे! बीफ असतं. सगळं एकच, मिन्स ते मिन्स!”

त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. त्यांच्या दृष्टीने मी चवीची चौकशी करत होते.

घरी येऊन मी ह्यांना सांगितले. हे कोल्हापूरकडचे, मटणावर जीव असलेले, पण या बाबतीत घरचे वळण कडक. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून शाळेला एक सभ्य पत्र लिहायला बसले. मुलीला काय सांगावे याचा विचार मी करत होते, तोवर तिने आमचे बोलणे ऐकले होतेच. रात्री पांघरूण घालताना विचारते, “आई, बाप्पा रागावला असेल?” मी म्हटले, “तुला ठाऊक नव्हतं ना? मग नाही रागावणार.” “आणि त्या बाईंवर?” “त्यांनाही ठाऊक नव्हतं.” ती झोपली. मला मात्र उशिरापर्यंत झोप लागली नाही.

सासूबाईंना सांगावे की नाही, असा प्रश्न होता. मी सांगितले. वाटले होते, आता देवापुढे दिवा लागणार, उपास होणार. त्या म्हणाल्या, “पोरीनं मुद्दाम थोडंच खाल्लं? पण मी म्हणते, नाव नीट लिहायला त्यांचं काय जातं? आपल्याकडं पुड्यावर हिरवा ठिपका असतो, अडाणी बाईला पण कळतं.” खरे आहे. अर्थात हिरवा ठिपका शाकाहारापुरता. मांस कोणते, हे तो ठिपकाही सांगत नाही.

इथे बंद पाकिटावर मांस कशाचे ते लिहिलेले असते. पण शाळेत, खाणावळीत ताटात वाढलेल्या अन्नासाठी कायद्याने सक्ती आहे ती चौदा जिनसांची: दूध, अंडी, शेंगदाणे, गहू वगैरे, ज्यांनी कुणाला बाधा होऊ शकते असे पदार्थ. गोमांस त्या यादीत नाही, कारण ते आजाराचे नव्हे, श्रद्धेचे प्रकरण. आणि पाकिटावरच्या अक्षरांवर तरी किती विसंबावे? २०१३ साली इथे बीफ म्हणून विकलेल्या कितीतरी तयार पदार्थांत घोड्याचे मांस निघाले, आणि तेव्हा लँकेशायरमधल्या शाळांना पुरवलेल्या कॉटेज पायमध्येही त्याचा अंश सापडला होता. तेव्हा भल्याभल्या इंग्रज आयांच्या पोटात गोळा आला होता. आपल्या मुलाच्या ताटात काय आहे हे आईला कळले पाहिजे, यात धर्माचा प्रश्न नंतर येतो.

आमच्या शाळेने पत्राची दखल घेतली, हे सांगितले पाहिजे. पुढच्या सत्रापासून तक्त्यात प्रत्येक पदार्थापुढे कंसात मांसाचे नाव येऊ लागले, आणि शेफर्ड्स पायचा झाला कॉटेज पाय.

हे सारे मी शेजारच्या आजीबाईंना सांगितले, तेव्हा त्या माझ्याहून जास्त तापल्या. वय ऐंशीच्या घरातले, एकट्याच राहतात, कंबर वाकलेली पण जीभ खणखणीत. मला ‘डक’ म्हणतात. डक म्हणजे बदक खरे, पण इकडच्या बोलीत तो ‘बाळ’, ‘बये’ यासारखा मायेचा शब्द आहे. “शेफर्डचा संबंध शीपशी नाही तर काय गाईशी आहे, डक?” त्या म्हणाल्या. “गाई राखणारा तो काउहर्ड. एवढं शाळेला कळू नये?” मला फार बरे वाटले. आपल्या बाजूने एक अस्सल इंग्रज साक्षीदार मिळाला!

पण साक्षीदार फिरतो म्हणतात ना, तसे झाले. आठवड्याभराने चहा घेताना त्यांच्या आईच्या स्वयंपाकाच्या गोष्टी निघाल्या. “आई रविवारी मोठं मांस भाजायची,” त्या सांगत होत्या, “आणि उरेल त्याचा सोमवारी शेफर्ड्स पाय.” मी विचारले, “रविवारी मटणच असायचं?” तर म्हणाल्या, “छे, कसायाकडे जे मिळेल ते. कधी मटण, कधी बीफ.” “मग बीफचा केला तर त्याला काय म्हणायचात?” त्या थांबल्या. कप खाली ठेवला. “शेफर्ड्स पायच म्हणायचो. ‘कॉटेज पाय’ मी लग्नानंतर ऐकलं असेल.” आणि मग स्वतःशीच हसू लागल्या.

मला चैन पडेना. बी.ए.ला इतिहास घेतला होता तो निदान एवढ्या तरी कामी यावा, म्हणून गावच्या वाचनालयात जाऊन बसले. जे हाती लागले ते असे. दोन्हींत ‘कॉटेज पाय’ हे नाव जुने. नॉरफकमधल्या जेम्स वुडफोर्ड नावाच्या पाद्रीसाहेबांनी ऑगस्ट १७९१ मधल्या रोजनिशीत ते लिहून ठेवले आहे. हे गृहस्थ रोज काय जेवले याची नोंद इतकी बारकाईने करत, की देवाविषयी कमी आणि ताटाविषयी जास्त. बटाटा तेव्हा गरिबांचे अन्न, गरीब राहतात कॉटेजमध्ये, म्हणून ते नाव, असे सांगतात. ‘शेफर्ड्स पाय’ येतो पुढे साठएक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. एडिंबरात छापलेल्या त्या वेळच्या एका पाकपुस्तकात त्याची कृती आहे. आणि तिच्यात काय लिहिले असावे? शिजवून थंड झालेले, कोणतेही मांस घ्या! भाजलेले असो की उकडलेले. त्याचे काप करा (खिमासुद्धा नव्हे, काप), हाडे उकळून रस काढा, वर बटाटा पसरा. मेंढीचे नावच नाही.

म्हणजे इतिहास माझ्या बाजूने नाही, शाळेतल्या त्या बाईंच्या बाजूने आहे.

१८६१ साली निघालेल्या बीटनबाईंच्या गृहव्यवस्थेवरच्या जाडजूड ग्रंथात, जो पुढे घरोघरी गेला, या दोन्ही पायांचे नाव नाही. पण उरलेल्या मांसाच्या कृतींवर ‘थंड मांसाचा स्वयंपाक’ असा वेगळा शिक्का जागोजाग मारलेला आहे. जाता जाता सांगते, तो ग्रंथ लिहिणारी इझाबेला बीटन तेव्हा अवघी पंचविशीतली होती, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी बाळंतपणानंतर ती गेलीसुद्धा. तिच्या नावावर पुढे शंभर वर्षे नवनवी पुस्तके निघत राहिली आणि लोकांना वाटत राहिले, की ही कुणी पांढऱ्या केसांची अनुभवी आजी आहे!

थंड मांसाचा एवढा व्याप का, हे मला आजीबाईंनी उलगडून सांगितले. सोमवार हा इंग्लंडात धुण्याचा वार. सकाळी उठून पाणी तापवायचे, तांब्याच्या मोठ्या हंड्यात कपडे उकळायचे, घासायचे, पिळणीच्या रुळांतून काढायचे, वाळत घालायचे. यंत्रे येण्यापूर्वी बाईचा अख्खा दिवस त्यात जाई. त्या दिवशी चुलीपाशी उभे राहायला सवड कुणाला? म्हणून रविवारी मोठा तुकडा भाजायचा. उरलेला जाळीच्या कपाटात ठेवायचा. ‘मीट सेफ’ म्हणत ते आपल्या जाळीच्या कपाटासारखेच. सोमवारी तो यंत्रातून काढायचा, वर बटाटा थापायचा आणि भट्टीत सारायचा. मेजाच्या कडेला स्क्रूने आवळून हाताने फिरवायचे ते खिम्याचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर आले, आणि कापांच्या जागी खिमा आला तो तेव्हापासून. खरा मेंढपाळ डोंगरावर असले काही खात असेल असे मला वाटत नाही. त्याच्याकडे रविवारचे भाजलेले मटण कुठले आणि भट्टी कुठली! हा पदार्थ धुणे धुणाऱ्या बाईचा. नाव मात्र लागले मेंढपाळाचे.

युद्धकाळात तर याच्यावरच घरे चालली. मार्च १९४० मध्ये इथे मांसाचे रेशनिंग सुरू झाले, ते उठले जुलै १९५४ मध्ये. युद्ध संपून नऊ वर्षे झाल्यावर! बरीच वर्षे माणशी आठवड्याला एक शिलिंग दोन पेन्सांचे मांस मिळे. युद्धाच्या काळात बटाट्यावर मात्र बंधन नव्हते; उलट सरकार ‘पोटॅटो पीट’ नावाचे चित्रातले बटाटेबुवा दाखवून लोकांना बटाटे खायला सांगत होते. रेशन उठले तेव्हा आजीबाई दहा वर्षांच्या होत्या. त्यांना आठवतो तो पाय म्हणजे वर चार बोटे बटाटा, आणि खाली मांस “असेल असं धरून चालायचं.” घरात माणसे पाच. आई वाढताना वडिलांना मधला भाग द्यायची, मुलांना त्याच्या बाजूचा, आणि स्वतः कडेचा घ्यायची. आजीबाई म्हणाल्या, “आम्हाला वाटायचं, तिला कड आवडते.”

हे ऐकताना मला माझी आई आठवली, तव्यावरची शेवटची, वेडीवाकडी पोळी घेऊन बसणारी. तिलाही ती आवडते असेच आम्हाला वाटायचे.

तर मूळ पारंपरिक पाय कोणता? आज इथली पुस्तके, इथले दूरदर्शनवरचे बल्लवाचार्य मांसाच्या जातीवर अडून बसतात. लॅम्बच हवे, नाहीतर तो शेफर्ड्स पाय नव्हेच! आणि लगेच पुढच्या वाक्यात दुकानातून ताजा, कच्चा खिमा आणायला सांगतात. मला हे म्हणजे फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम ताज्या पोळ्या लाटण्यासारखे वाटते. आपल्या कुठल्याही बाईला विचारा, ताज्या पोळीचा कुस्करा होतो का? तो चिकटतो, त्याचा गोळा होतो. फोडणीची पोळी कालच्याच पोळीची हवी, कारण ती जरा वाळलेली असते. इथेही तेच आहे. रविवारी भट्टीत भाजलेल्या मांसाला जो खमंगपणा आलेला असतो, तो कच्च्या खिम्याला कितीही परतला तरी येत नाही. त्याचा दाणा वेगळा, रस्सा वेगळा. मी दोन्ही केले आहेत. चव घेऊन सांगते आहे.

म्हणून मी माझ्यापुरते ठरवून टाकले. मांस कोणते, या बाबतीत मी नव्या लोकांच्या बाजूची. मेंढी म्हणजे मेंढी, कारण माझ्या मुलीला ताट पुढे आल्यावर नावावरून कळायला हवे. आणि करायचा कसा, या बाबतीत जुन्यांच्या बाजूची. उरलेल्याचाच करायचा. सोयीस्कर निवड आहे म्हणा हवे तर. पण इंग्रजांनीही आपल्या सोयीनेच परंपरा बदलत आणली आहे.

ज्यांच्या लेकी-सुना परदेशी आहेत त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे: अमेरिकेत शेफर्ड्स पाय म्हटले तरी तो बहुधा गोमांसाचाच असतो. फ्रान्समध्ये याच्या भावाला ‘आशी पार्मांतिए’ म्हणतात. फ्रेंचांना बटाटा खायला लावणाऱ्या पार्मांतिए नावाच्या औषधशास्त्रज्ञावरून ते नाव आले. त्यातही बीफच असते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मध्ये मक्याचा थर देतात, तोही तसाच. नावावर न जाता विचारावे. विचारायला लाजू नये.

आता कृती. ती आजीबाईंची आहे, आणि तिच्यामागे एक छोटीशी कहाणी आहे. मी त्यांना विचारले, “तुम्ही शेवटचा कधी केलात?” म्हणाल्या, “हे गेले तेव्हापासून नाही. नऊ वर्षं झाली.” मला वाटले, हातांच्या दुखण्यामुळे. पण नाही. एकट्या बाईने दोन किलोची तंगडी आणून करायचे काय? रविवारचे भाजणे गेले, म्हणून सोमवारचा पायही गेला. दुकानात एका माणसापुरता गोठवलेला पाय मिळतो, तो त्या आणतात. “त्यात मांस असतं,” एवढेच त्या त्याच्याविषयी बोलल्या.

त्यामुळे आता महिन्यातून एका रविवारी तंगडी आमच्याकडे भाजली जाते. आजीबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडतात, मी करते. पाच माणसांना (आम्ही दोघे, दोन मुले आणि त्या) दोन किलोची, हाडासकट तंगडी पुरून साधारण अर्धा किलो मांस उरते. गार झाले की लगेच, दीड-दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवे. हाड टाकायचे नाही. रात्रीच त्यात एक कांदा, एक गाजर, एक तमालपत्र आणि बुडेल इतके पाणी घालून मंद आचेवर दोन तास ठेवायचे, गाळायचे, आणि हे पाणीही गार करून फ्रीजमध्ये ठेवायचे. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा थर येतो. तो काढून त्याच चरबीत दोन बारीक चिरलेले कांदे आणि दोन गाजरे दहा मिनिटे परतायची. कांदा सोनेरी झाला की एक मोठा चमचा मैदा घालून मिनिटभर भाजायचा, मग हाडांचे पाणी दीड कप. मीठ, मिरपूड, थोडा ओवा (इथे थाइम घालतात; ओव्याच्या वासाचा तो चुलतभाऊच) आणि एक चमचा वूस्टर सॉस. लिआ-पेरिन्स कंपनी १८३७ पासून विकते ते हे अस्सल इंग्रजी सॉस. त्यात काय असते माहीत आहे? चिंच! शिवाय अँकोव्ही नावाची खारवलेली मासळीही असते, तेव्हा शाकाहारी मैत्रिणींनी त्यापासून दूर राहावे.

मांस यंत्रातून काढून सर्वात शेवटी घालायचे आणि दहा-पंधरा मिनिटेच उकळू द्यायचे, कारण ते शिजलेले आहे. मिश्रण सरसरीत हवे, पळीतून ओघळणारे नको. आणि एक गोष्ट आजीबाई दर वेळी बजावतात: ते गार होऊ द्या. गरम मिश्रणावर बटाटा पसरला तर तो खाली बुडतो. एक किलो पिठूळ बटाटे मिठाच्या पाण्यात उकडून, पाणी निथळून, त्याच पातेल्यात दोन मिनिटे मंद आचेवर कोरडे करायचे. मग पन्नास ग्रॅम लोणी आणि अर्धी वाटी गरम दूध घालून हाताने कुस्करायचे. मिक्सर अजिबात नको. त्याची खळ होते, कपड्यांना घालावी अशी! बटाटा कडेपासून पसरत मध्ये यायचे, म्हणजे रस्सा बाहेर उतू जात नाही. वर काट्याने शेतात नांगराच्या ओळी असतात तशा ओळी काढायच्या. ओळींचे उंचवटेच खरपूस होतात. २०० अंशांवर तापलेल्या भट्टीत अर्धा तास, कडेने बुडबुडे येईपर्यंत.

आपल्याकडे बोकडाच्या मटणाचाही छान होतो. रविवारच्या सुक्या मटणाचा करायचा तर मसाला बेताचा असू द्या आणि मांस हाडावरून सोडवून घ्या. ताज्याच खिम्याचा करायचा असेल तर रश्श्यात तो चांगला पाऊण तास शिजवा. उरलेल्या मांसाचा पाय पुन्हा उरवून तिसऱ्या दिवशी गरम करू नये. शाकाहारी घरात अख्खा मसूर मऊ शिजवून, त्यात मश्रूम परतून घातले की खालचा थर उत्तम जमतो. सासूबाईंसाठी मी तो केला होता आणि त्यांनी दोनदा मागून घेतला.

वाद अजून आहेतच. वाटाणे आत की ताटात शेजारी? आजीबाई म्हणतात शेजारी. आत घातले तर तो ‘शाळेचा पाय’. वर चीज किसायचे का? मुलांचे मत हो, त्यांचे नाही. टोमॅटो घातलेला तर त्यांना बघवत नाही. ह्यांना मात्र ताटात ठेचा लागतो. पहिल्या वेळी आजीबाईंनी तो बोटाच्या टोकाने चाखला, डोळ्यांत पाणी आले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “शेजारी ठेव. आत घालू नकोस.”

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचे खिम्याचे यंत्र आणून आमच्या मेजाला आवळून टाकले. बिडाचे, जड, मुठीचे लाकूड हाताळून गुळगुळीत झालेले, त्यांच्या आईचे. आता ते फिरवायचे काम मुलीकडे आहे. आणि पाय भट्टीतून निघाला की कडेचा तुकडा, जिथे बटाटा आणि रस्सा मिळून भांड्याला खरवड धरते, तो मी आजीबाईंना वाढते. त्यावरून मुलांचे आणि त्यांचे भांडण होते, कारण कड सगळ्यांनाच हवी असते. पुढच्या वेळी तंगडीऐवजी खांदा आणायचा, असा त्यांचा हुकूम आहे. खांद्याला चरबी जास्त, भाजायला वेळ जास्त लागतो. पण सोमवारी पाय त्याचाच चांगला होतो म्हणतात.